तुम्ही विचारलंत: पोरं आत की बाहेर?

मागच्या अंकात जुन्या टीबी सॅनिटोरियमवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की त्या काळात युरोपात मोकळ्या हवेत भरणाऱ्या शाळासुद्धा निघाल्या होत्या, आणि पुढे गेले. झालं, बाकी सगळं राहिलं बाजूला आणि तुम्ही तेवढंच वाक्य पकडलंत. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून यावेळी जे काही आलं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या शाळांबद्दलच आहे, त्यामुळे आजचं सगळं सदर त्यावरच. केसगळती आणि पीएफवाल्यांनी जरा दम धरा, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: ताई, माझी मुलगी आणि जावई ॲमस्टरडॅमच्या शेजारी ॲमस्टलव्हेनला असतात. गेल्या वर्षी आम्ही दोघं तिकडे तीन महिने राहून आलो. एकदा मी ट्रॅममधून चुकीच्या स्टॉपला उतरलो आणि चालत चालत क्लिओस्त्राट नावाच्या रस्त्यावर पोचलो. विटांच्या घरांची सलग रांग, मधेच एक गेट, आणि गेटातून आत बघितलं तर चौकात चारमजली काचेची बिल्डिंग, एका बाजूला तर भिंतीच नाहीत, नुसते मजले. मला ऑफिस वाटलं पण आतून पोरांचा गलका ऐकू येत होता. जावयाला विचारलं तर म्हणाला "असेल काहीतरी मॉडर्न." हे नक्की काय प्रकरण आहे? (एक आजोबा, सांगली)

उत्तर: आजोबा, जावईबापूंना सांगा की मॉडर्न हा शब्द बरोबर आहे, फक्त ती बिल्डिंग १९३० सालची आहे, म्हणजे बहुतेक तुमच्याहून वयाने मोठी. ती प्राथमिक शाळा आहे आणि आजही भरते. तिच्या डच नावाचं सरळ मराठी केलं तर 'निरोगी मुलांसाठीची पहिली मोकळ्या हवेतली शाळा' असं होतं. यातला 'निरोगी' हा शब्द जरा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्याच्यात आहे, त्यावर येतेच.

त्याच्या आधी थोडं मागे जावं लागेल. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू १८८२ मध्ये शोधून काढला, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडत नाही, स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. मधली साठेक वर्षं डॉक्टर लोकांकडे सांगायला एवढंच होतं की स्वच्छ हवा घ्या, उन्हात बसा, दूध अंडी खा आणि पडून राहा. तुमच्या मिरज-सांगलीच्या मधे वानलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम होतं ते तुम्हाला माहीत असेलच, तेही याच विचारातून आलेलं. आता मोठ्या माणसाला सॅनिटोरियममध्ये पाठवता येतं, पण शहरातल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये राहणारी, फिकट, सारखी खोकणारी, अजून टीबी झालेला नाही पण कधीही होईल अशी हजारो पोरं होती त्यांचं काय करायचं? त्यांना नेहमीच्या शाळेत चाळीस-पन्नास जणांबरोबर बंद खिडक्यांच्या वर्गात बसवणं म्हणजे आजार वाटण्याचीच सोय.

तर बर्लिनला लागून शार्लोटेनबुर्ग म्हणून तेव्हा वेगळं शहर होतं, तिथल्या नगरपालिकेने १ ऑगस्ट १९०४ ला जंगलातच शाळा काढली. नावही 'वाल्डशूल', म्हणजे जंगलशाळा. पोरं सकाळी ट्रॅमने यायची, दिवसभर पाइनच्या झाडांखाली असायची, खाणंपिणं तिथेच, अभ्यास नेहमीपेक्षा कमी, आणि दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत ब्लँकेट घेऊन सक्तीची झोप. संध्याकाळी परत घरी. (जेवल्यावर झोपायची सक्ती करणारी शाळा! आमच्या वेळी डोळा लागला तर खडू यायचा उडत.) वजनं घेतली जायची, डॉक्टर तपासायचे, आणि पोरं खरंच सुधारताना दिसली. आता ती हवेने सुधारली की रोज पोटभर गरम जेवण मिळत होतं म्हणून सुधारली हा प्रश्न मला कायम पडतो, कारण गरिबाघरच्या पोराला दिवसातून चार वेळा खायला घातलं तर ते कुठेही बसवा, अंग धरणारच. पण गाजावाजा झाला तो हवेचा. लोक लांबलांबून बघायला यायला लागले, १९०७ मध्ये लंडनच्या कौन्सिलने बोस्टॉल वूड नावाच्या जंगलात अशी शाळा सुरू केली, १९०८ मध्ये अमेरिकेत, १९११ मध्ये बर्मिंगहॅमला चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातल्या लोकांच्या पैशातून, असं करत करत ही लाट पसरली.

या सगळ्या शाळा आजारी किंवा आजाराच्या उंबरठ्यावरच्या पोरांसाठी होत्या. ॲमस्टरडॅमच्या मंडळींनी १९२७ च्या सुमारास जे म्हटलं ते वेगळं होतं: हवा आणि ऊन जर आजारी पोराला बरं करतं तर धडधाकट पोराने ते मिळण्यासाठी आधी आजारी पडायचं का? म्हणून 'निरोगी मुलांसाठी'. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच आहे, बिल्डिंग नंतरची. आणि ही शाळा जंगलात नाही, पोरं जिथे राहतात त्याच वस्तीत, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.

काम दिलं यान डाउकर नावाच्या आर्किटेक्टला. त्याचा पार्टनर बायव्हूट याचंही नाव बिल्डिंगवर लागतं पण तो तेव्हा पॅरिसला गेलेला होता, त्यामुळे ही मुख्यत्वे डाउकरचीच. हा माणूस तेव्हा हिल्व्हरसमजवळ 'झोनेस्त्राल' (म्हणजे सूर्यकिरण) नावाचं टीबी सॅनिटोरियम बांधत होता, जे ॲमस्टरडॅमच्या हिऱ्याच्या कामगारांच्या युनियनने उभं केलं होतं. हिऱ्यांना पैलू पाडणारी माणसं बंद कारखान्यात धुळीत दिवस काढायची, आणि टीबीने जायची. म्हणजे हवा-उजेड कुठून आणि कसा आत घ्यायचा याचा डाउकरचा रियाज आधीच झालेला होता, तोच त्याने शाळेत वापरला. दुर्दैव असं की स्वतः डाउकर १९३५ मध्ये गेला, वय फक्त ४४.

आता तुम्हाला ती चौकाच्या आत का सापडली? दक्षिण ॲमस्टरडॅमचा तो सगळा भाग बेर्लाख नावाच्या बुजुर्ग आर्किटेक्टच्या प्लॅनप्रमाणे वसवलेला, सलग विटांची, एका तोंडवळ्याची घरं. त्या रांगेत ही काचेची पेटी रस्त्यावर तोंड करून उभी राहिली तर शोभा जाईल असं शहराचं सौंदर्य राखणाऱ्यांना वाटलं, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर जागा मिळाली ती घरांच्या पाठीमागच्या चौकात. म्हणजे वाड्याच्या मधल्या चौकात आपण तुळशीवृंदावन ठेवतो तिथे त्यांनी शाळा ठेवली. रस्त्याच्या बाजूला गेटपाशी जे छोटं बांधकाम तुम्ही बघितलंत तेही शाळेचंच, त्याच्या खालून आत जायचं. चारी बाजूंनी लोकांच्या मागच्या बाल्कन्या, त्यात वाळत घातलेले कपडे, आणि मधे ही सात वर्गांची शाळा. त्या बाल्कन्यांमध्ये ९० वर्षं पाढे फुकट ऐकू येत असणार.

आणि तुम्ही म्हणता ते 'भिंत नसलेले मजले' म्हणजे उघडे वर्ग. वरच्या प्रत्येक मजल्यावर दोन काचेच्या खोल्या, आणि त्या दोघींच्या मधे एक सामायिक गच्ची, वर छप्पर पण पुढे काही नाही. हवा बरी असली की एक वर्ग बाहेर येतो. गच्चीचं तोंड दक्षिणेला. आपल्याकडे दक्षिणमुखी म्हटलं की वास्तूवाला तोंड वाकडं करतो, पण तिकडे सूर्य हिवाळाभर दक्षिणेच्या आभाळात कमरेएवढा वर येतो आणि मावळतो, त्यामुळे ऊन हवं असेल तर दक्षिणेशिवाय पर्याय नाही. व्यायामशाळा तळाशी आहे, आणि सगळ्यात वर सपाट गच्ची.

प्रश्न: ताई, एवढ्या थंडीत पोरांना उघड्यावर बसवणं म्हणजे छळ नाही का? माझा मुलगा नाशिकच्या डिसेंबरमध्येही शाळेत जायला रडतो. (एक आई, नाशिक)

उत्तर: छळ होऊ नये म्हणून काय काय केलं ते सांगते, दोन टोकाची उदाहरणं आहेत.

पहिलं अमेरिकेतलं. ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स म्हणून गाव आहे, तिथे दोन डॉक्टर बायकांच्या पुढाकाराने जानेवारी १९०८ मध्ये, म्हणजे ऐन बर्फात, अशी शाळा सुरू झाली. एक रिकामी पडलेली शाळेची इमारत घेतली, एका बाजूची भिंत काढून तिथे सताड उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या आणि पोरांना जाड कापडाच्या पिशव्यांमध्ये बसवलं. खरंच पिशव्या, पाय आत घालून छातीपर्यंत ओढून घ्यायच्या अशा, आणि पायाशी गरम केलेला दगड ठेवायचा. अंगावर कोट, डोक्यावर टोपी, हातात पेन्सिल. फोटो मिळाले तर बघा, वर्गभर बटाट्याच्या पोत्यांतून डोकी बाहेर आलेली दिसतात आणि मजा म्हणजे पोरं हसतायत. आईला मात्र काय वाटत असेल तो विचार माझ्याही मनात आला.

दुसरं उदाहरण आपल्या ॲमस्टरडॅमच्या शाळेचं, तिथे पोती नाहीत. डाउकरने गरम पाण्याचे पाइप थेट काँक्रीटच्या स्लॅबमध्ये घातले. का ते समजून घ्यायला शेकोटी आठवा. गावाला जानेवारीत पहाटे शेकोटीपाशी बसलं की आजूबाजूची हवा गारच असते, श्वासाची वाफ दिसत असते, पण तोंड आणि गुडघे चांगले तापतात, कारण ती उष्णता हवेला तापवून मग आपल्यापर्यंत येत नाही, सरळ अंगावर पडते. खोलीतल्या नेहमीच्या हीटरचं उलट असतं, तो आधी हवा तापवतो, आणि खिडकी उघडली की ती महागामोलाची गरम हवा शेजाऱ्यांकडे. स्लॅबच शेकोटीसारखा ऊब देत असेल तर खिडक्या उघड्या ठेवूनही पोरांना थोडी ऊब मिळते. खिडक्या स्टीलच्या, बारीक चौकटीच्या, फिरवून उघडायच्या. हां, उघडं ठेवून तापवायचं म्हणजे कोळसा जास्त जाळायचा हे आलंच, ते बिल कुणाला चुकलंय.

आणि पाऊस-वादळात कुणी पोरांना बाहेर बसवत नव्हतं हो, दोन पावलांवर खोली होती.

प्रश्न: मॅडम, मी थर्ड इयर आर्किटेक्चरला आहे. आमच्या सरांनी या शाळेची एकच स्लाइड दाखवली आणि म्हणाले "कोपरे बघा" आणि लेक्चर संपलं. काय बघायचं होतं? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: पिलर बघायचे होते, म्हणजे ते कोपऱ्यात नाहीत हे बघायचं होतं. (सर लोकांची ही सवय जुनीच आहे.)

एक चौकोनी टेबल घे. पाय चार कोपऱ्यांना असतात. आता ते चारही पाय काढून प्रत्येक बाजूच्या मधोमध लाव. टेबल उभं राहील, पण चारही कोपरे मोकळे, हवेत पुढे आलेले. शाळेचा प्लॅन म्हणजे एक मोठा चौरस, त्याचे चार भाग, मधे जिना. प्रत्येक भागाचे खांब त्याच्या कोपऱ्यांवर न देता बाजूंच्या मधे दिलेत, त्यामुळे स्लॅब कोपऱ्यांकडे छज्ज्यासारखा पुढे येतो, तुळयाही कडेकडे जाताना बारीक होत जातात. परिणाम काय, तर वर्गाच्या ज्या कोपऱ्यात नेहमी सगळ्यात जास्त अंधार आणि सगळ्यात जास्त माल (खांब, भिंत, कपाट, छत्र्या) असतो, तिथे नुसती काच. शेवटच्या बाकावरच्या पोराला दोन बाजूंनी उजेड.

मी स्वतः ही शाळा फोटोंत आणि ड्रॉइंगमध्येच बघितलीये, पण एक गोष्ट तू सेक्शन (बिल्डिंग उभी कापल्यासारखं ड्रॉइंग) काढशील तेव्हा तुला दिसेल: त्या बिल्डिंगमध्ये कुठेच जाड काही नाही. मटेरियल कमीत कमी वापरायचं, जिथे जोर येतो तिथेच काँक्रीट द्यायचं हा डाउकरचा हट्ट होता. त्याचा त्रासही नंतर झाला, पातळ काँक्रीट आणि स्टीलच्या खिडक्या म्हणजे गंज आणि दुरुस्त्या, या शाळेच्या एकाहून जास्त वेळा मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या आहेत. पण उभी आहे, आणि वापरात आहे.

जमलं तर शेजारी फ्रान्समधली सुरेनची शाळा ठेवून कंपॅरिझन कर, सरांना आवडेल. पॅरिसला लागून असलेल्या सुरेन गावी, आंरी सेलिए नावाच्या मेयरच्या काळात, बोदुआँ आणि लोड या दोघांनी १९३० च्या दशकात बांधलेली. तिथे वर्ग एकावर एक नाहीत, बागेत विखुरलेले सुटे वर्ग, आणि वर्गाच्या भिंती पडद्यासारख्या घड्या घालून बाजूला सारायच्या. जिन्याऐवजी सगळीकडे उतार, कारण अशक्त पोरं. आणि दारात काँक्रीटचा भलामोठा पृथ्वीचा गोल, ज्याच्याभोवती चढत जाणारा उतार आहे, म्हणजे भूगोलाच्या तासाला पोरं जगाभोवती चालत जाणार. ॲमस्टरडॅमने तेच काम दाटीत, उभं रचून केलं. कॅलिफोर्नियात रिचर्ड नॉइट्राने १९३५ मध्ये बेल गावात केलं ते तिसरंच, बैठी शाळा आणि प्रत्येक वर्गाची एक अख्खी बाजू सरकवली की बागेत. तिकडे हवाच तशी, त्याला पोती नकोत की पाइप नकोत.

प्रश्न: ताई राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, २२ वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं माझा वर्ग लिंबाच्या झाडाखाली भरायचा कारण खोलीच नव्हती. तुम्ही युरोपातल्या उघड्या शाळेचं कौतुक करणार, पुस्तकात फोटो येणार, आणि आमची तीच शाळा म्हणजे मागासलेपणा. आपल्याकडे याचा काही इतिहास आहे की नाही? (एक गुरुजी, लातूर जिल्हा)

उत्तर: गुरुजी, राग कसला, तुमचं पत्र वाचून मी तिसरीत जाऊन बसले. आमची शाळा दोन खोल्यांची, पहिली-दुसरी आत, चौथी आत, आणि तिसरीचा वर्ग बाहेर पिंपळाखाली. फळा बुंध्याला टेकवलेला, सतरंजी झटकली की आधी मुंग्या निघायच्या, आणि वर कावळे. बाई "सगळ्यांनी वहीवर हात धरा" म्हणायच्या ते शुद्धलेखनासाठी नव्हे. पाऊस आला की आम्हाला चौथीच्या मागे उभं करायचे, तिथे आम्ही चौथीचं गणित फुकट ऐकायचो. मला ते दिवस आवडायचे, पण बाईंना आवडायचे का हे कधी कुणी विचारलं नाही, घसा बसलेला असायचा त्यांचा कायम.

म्हणून तुमचा मुद्दा मला सोळा आणे पटतो. क्लिओस्त्राटच्या शाळेत प्रत्येक गच्चीच्या मागे दोन तापवलेल्या खोल्या आहेत. बाहेर बसायचं की नाही हे तिथे शिक्षक ठरवतो. तुमच्याकडे ते बजेटने ठरवलं. झाड तेच, हवा तीच, पण तुम्हाला आत जायचा पर्याय नव्हता, आणि तेवढ्यामुळे दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

पण इतिहासाचं विचाराल तर आहे, आणि चांगला भरभक्कम आहे. शांतिनिकेतन सगळ्यांना माहीत असतं. रवींद्रनाथ ठाकूरांनी डिसेंबर १९०१ मध्ये बोलपूरजवळ वडिलांच्या आश्रमाच्या जागेत शाळा काढली, पहिले विद्यार्थी पाच, त्यात त्यांचा स्वतःचा मुलगा. म्हणजे बर्लिनच्या जंगलशाळेच्याही अडीच वर्षं आधी, आणि टीबीशी काही संबंध नाही. रवींद्रनाथांना लहानपणी शाळा म्हणजे कोंडवाडा वाटला होता, एकही शाळा धड पुरी केली नाही त्यांनी, त्यामुळे भिंतींवर राग. तिथली शाळा, 'पाठभवन', अजूनही झाडांखाली भरते, पोरं आपापलं आसन घेऊन झाडाभोवती गोल करून बसतात, तास संपला की आसन उचलून दुसऱ्या झाडाकडे. आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, बुधवारी. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा यादीत घेतलं. आपले काकासाहेब कालेलकर तिथे काही महिने होते, आणि पुलं तर वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकायला जाऊन राहिले होते.

मात्र तुम्हाला मला दुसरीच जागा दाखवायचीये, ती आपल्याच राज्यात आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही. डहाणू तालुक्यातलं बोर्डी आणि कोसबाड, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, मॉन्टेसरी कोळून प्यालेल्या बाई. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, त्या पुढे जन्मभर. बालवाडी काढली, साधनं ठेवली, पण पाड्यावरची पोरं येईनात. शाळा गावात, पाडा लांब, आईबाप पहाटे मजुरीला गेलेले, कोण आणून सोडणार? मग बाईंनी उलटं केलं, बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात भरवायची. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. आज देशभर आपण जो शब्द वापरतो, १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेत जो घेतला गेला, तो तिथल्या मातीतला आहे. साधनं कुठली, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. मॉन्टेसरीच्या महागड्या लाकडी ठोकळ्यांचं काम चिंचोक्यांनी केलं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे पुढचा प्रश्न आला. वारल्यांची सात-आठ वर्षांची पोरं शाळेच्या वेळात कुरणात असायची, गुरं राखायला. त्यांना "गुरं सोडून शाळेत ये" म्हणणं म्हणजे घरातली एक मजुरी बुडव म्हणणं. मग काय, शिक्षक कुरणात गेले. नाव 'कुरणशाळा'. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली, शिक्षक पिशवीत पाट्या आणि साधनं घेऊन आलेला. घरी धाकटं भावंड सांभाळायला लागतं म्हणून ज्या मुली येत नव्हत्या त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. मुलगी धाकट्याला काखेत घेऊनच यायची, त्याला पाळणाघरात टाकायचं आणि आपण वर्गात.

आता बघा गुरुजी, बर्लिनवाल्यांनी पोरांना ट्रॅमने जंगलात नेलं, डाउकरने उघडा वर्ग काँक्रीटने घराच्या मागे आणून ठेवला, आणि ताराबाई-अनुताईंनी शाळाच पोराच्या मागे चालवली, जिथे गुरं जातील तिथे. तिला बिल्डिंग नाही म्हणून तिचा आर्किटेक्चरच्या स्लाइडमध्ये फोटो येत नाही एवढंच. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९६२ मध्ये, आणि अनुताईंना पद्मश्री, १९८५ मध्ये, पण कुरणशाळा हा शब्द मी आजूबाजूच्या दहा जणांना विचारला, एकालाच माहीत होता आणि तो डहाणूचा निघाला.

प्रश्न: एवढ्या चांगल्या होत्या तर बंद का पडल्या? (पुणे. नाव नाही, पत्ता नाही, फक्त प्रश्न.)

उत्तर: औषध आलं. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या मागोमाग टीबीची इतर औषधं आली, घरं सुधारली, दूध तपासून यायला लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात टीबीची भीती ओसरली तशा या शाळांची गरज संपली. बऱ्याच बंद झाल्या, काही विशेष मुलांच्या शाळा झाल्या. सुरेनच्या इमारती पुढे अशा मुलांच्या शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेकडे गेल्या. टिकली ती जी आजाराच्या नावाने सुरूच झाली नव्हती, म्हणजे क्लिओस्त्राटची. निरोगी पोरं संपत नाहीत ना.

आणि करोनात २०२० मध्ये सगळ्यांना पुन्हा हे आठवलं, काश्मीरमध्ये डोंगरात उघड्यावर वर्ग भरले, सोलापुरात नीलमनगरला शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले, पोरं अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहून वाचायची. नंतर भिंती तशाच राहिल्या, पोरं आत गेली.

प्रश्न: मुलांचं लक्ष लागतं का बाहेर? माझा तर पंख्याकडे बघत बसतो. (एक बाबा, डोंबिवली)

उत्तर: पंखा फार बोअर असतो हो, त्याच्याकडे बघणारा पोरगा खारीकडे तरी बघेल. गंमत सोडा, पण लक्ष विचलित होतं हे खरंच आहे, आणि बाहेर शिकवणारा शिक्षक ते गृहीत धरून शिकवतो. गोल बसवतो म्हणजे शेवटचा बाक राहत नाही, तास लहान ठेवतो, आणि जे समोरून उडत जाईल त्याचाच धडा करतो. फळ्यावर लांबलचक गणित मात्र आतच बरं, लातूरचे गुरुजी सांगतील.

आता माझा एक प्रश्न, डहाणू, तलासरी, बोर्डीच्या बाजूच्या वाचकांना. तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातलं कुणी, त्या कुरणशाळेत शिकलं असेल तर प्लीज लिहा. मला इतकंच विचारायचंय की शिक्षक फळ्यावर लिहीत असताना एखादी गाय शेजारच्याच्या भातात शिरली तर उठायचं कुणी, आणि परत येईपर्यंत धडा थांबायचा का.